बघितल्याची खूण

एक दोष सापडला, तर बाईंना एक फोन करायला मिळणार होता. लाभाच्या बाजूला एवढंच. बढतीचं वय मागे पडलं होतं, शाबासकी त्या खात्यात कोणी कोणाला देत नसे, आणि दोष सापडला की त्याच्यामागून कागद येतात, कागदांमागून साहेब येतात, हे त्यांना एकोणीस वर्षांच्या नोकरीनं पक्कं शिकवलं होतं. तरी सोमवारी सकाळी बाई कामावर आल्या त्या इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बांधून. दुसऱ्याच्या चुका काढायला एवढं नटून कोणी येत नाही. शेजारच्या टेबलावर सर्किटं जोडत बसणाऱ्या गृहस्थाच्या ते लगेच लक्षात आलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत, आणि मिस्त्रीला डोळ्यांत तेल घालून बघायची सवयच होती.

"काय बाई, आज तुमचा फोटो काढणारेत की काय?"

"काम कर."

"करतोय. फक्त विचारलं. चुका शोधायला आलात की पाहुणे बघायला?"

बाईंनी खुर्ची ओढली. यंत्र चालू केलं, चष्मा पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला.

कारखाना सलाईनचे पंप बनवायचा. रुग्णाच्या पलंगाशेजारी उभी असते ती पेटी; नळीतून औषध किती वेगानं जावं हे तिच्यातला प्रोग्रॅम ठरवतो. तो प्रोग्रॅम होता सी भाषेतला, सव्वीस हजार ओळींचा, आणि त्या ओळी चाळणीतून काढणं हे बाईंचं काम. चाळणी म्हणजे दुसरा एक प्रोग्रॅम. तो पहिल्याच्या ओळी वाचत जातो आणि ज्या जागी कोणी बाहेरचा हात घालू शकेल अशी शंका येते, त्या ओळींची यादी करतो. चाळणी भित्री असते. मजकूर एका खणातून दुसऱ्या खणात टाकणारी ओळ दिसली, की ती ओरडते, खण पुरेसा मोठा असो वा नसो. खरं भय कुठलं आणि नुसती ओरड कुठली, हे माणसानं बसून ठरवायचं. ओरड खोटी निघाली, तर त्या ओळीच्या शेवटी एक खूण लिहायची. पुढच्या वेळी चाळणी ती ओळ मुकाट्यानं सोडून देते.

या कारखान्यात खुणेला दोन अक्षरं लागत. एक ओळ लिहिणाऱ्याच्या नावाचं, एक ती बघणाऱ्याच्या. एकट्याच्या अक्षरावर काही सोडायचं नाही, असा दंडक होता.

आता एका मोठ्या रुग्णालयानं नवे पंप मागवण्याआधी अट घातली होती: जुन्या खुणा मानू नका. सगळं नव्यानं चाळा. चाळणीला तशी सोय होती, एक शब्द जास्त लिहिला की तिला जुन्या खुणा दिसेनाशा होत. बाईंनी तो शब्द लिहिला. एक्केचाळीस ओळी वर आल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मास्तरांच्या, आणि प्रत्येकीवर बघणाऱ्याचं अक्षर बाईंचं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. समोरच्याला दोनदा समजावून सांगितल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे म्हणून ते नाव पडलं. दहा वर्षं ते बाईंच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसत. बायको लवकर गेलेली, एक मुलगी लांबच्या शहरात. मुलीला जुळी झाली तेव्हा तिनं वडिलांना बोलावून घेतलं, आणि मास्तर गेले. त्याला नऊ वर्षं झाली. दहा वर्षांत दोघांमध्ये काय झालं, असं विचाराल, तर रोज चार वाजता चहा झाला. बाकी काही झालं असतं तर बाईंना ते आठवत बसायची एवढी गरज पडली नसती.

आणि नियमावलीत एक कलम होतं. जुन्या ओळीत खरा दोष सापडला, तर ती लिहिणाऱ्याला, तो संपर्कात असेल तर, आधी विचारावं आणि त्याचं म्हणणं नोंदवावं.

तो फोन हा. बाईंकडे नंबर होता. नऊ वर्षं होता. नव्हतं ते कारण.

पहिले तीन दिवस बाई शोधत होत्या. इतक्या मायेनं कोणाच्या चुका कोणी शोधल्या नसतील. त्यांना हवा होता तो दोष लहानसा, घरगुती, कोणाला न लागणारा. पंपाच्या काचेवर एखादं अक्षर जास्तीचं उमटावं, इतपत. फोन करून म्हणता आलं असतं, "मास्तर, तुमचं एक अक्षर सांडलंय," आणि पलीकडे हसू आलं असतं. पण मास्तरांनी सांडलेलं काही नव्हतं. प्रत्येक ओळीशेजारी त्यांनी खुणेसोबत एक वाक्य लिहून ठेवलं होतं, म्हणजे नंतर येणाऱ्याचा गोंधळ होऊ नये.

"हा खण मी मोजला आहे. चोपन्न. कमी करू नका."

"हा मजकूर यंत्राच्या आतूनच येतो, बाहेरून नाही. भिऊ नये."

"जेवायच्या आधी लिहिली, जेवल्यावर पुन्हा बघितली. बरोबर आहे."

बाई खण मोजत. चोपन्नच भरत. मजकूर कुठून येतो ते उलटं शोधत जात, तो आतूनच येई. मग त्या यादीत "धोका नाही" असं लिहीत आणि खालच्या ओळीकडे वळत. धोका नाही हे लिहिताना तपासनिसाचा चेहरा पडतो, हे मिस्त्रीनं त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं.

"अजून एक बरोबर निघाली वाटतं."

"हं."

"वाईट झालं. मास्तरांना कळवू का, तुम्ही नीट चुकत का नव्हतात म्हणून?"

"मिस्त्री, तुझं तोंड शिवून टाकीन."

"ते काम तुमच्या वहिनीचं."

वहिनी खरंच शिवायच्या. बाईंचा भाऊ गेल्यापासून घरात दोघीच. पुढच्या खोलीत वहिनींचं शिवणयंत्र, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, आणि खिडकीशी बाईंची खुर्ची. बाईंनी घरात काही सांगितलं नव्हतं. पण जी बाही लावताना दंडाकडे बघून माणसाचं वजन सांगते, तिच्यापासून काय लपणार.

"सापडली का चूक?" बुधवारी संध्याकाळी वहिनींनी यंत्र न थांबवता विचारलं.

"छत्तीस झाल्या. नाही."

"म्हणजे माणूस चांगला आहे. चांगल्या माणसाचा हाच त्रास, वन्सं. निमित्त देत नाही."

"वहिनी, काहीतरीच काय बोलतेस."

"मी कुठे बोलतेय? मी कॉलर लावतेय." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "नंबर आहे ना त्यांचा?"

"आहे. बदलला असेल तर माहीत नाही."

"नाही कसं? गेल्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, फोटो बदललाय, नवा चष्मा घेतलेला दिसतोय. नंबर बदलला असता तर चष्मा कसा दिसला असता?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळलेले कपडे काढत होतं, एक एक करून, अगदी सावकाश.

"कसे आहात, एवढं विचारायला काय लागतं हो?"

"कारण लागतं," बाई म्हणाल्या.

वहिनींनी पुढची कॉलर घेतली. असल्या उत्तरावर त्यांच्याकडे बोलायला पुष्कळ होतं, पण गणवेश शनिवारी द्यायचे होते.

गुरुवारी दुपारपर्यंत चाळीस ओळी झाल्या. चाळीसही निर्दोष. उरली एक. ती सगळ्यांत शेवटी उरली हा योगायोग नव्हता; यादीत ती सातवी होती, आणि बाई रोज तिला ओलांडून पुढे जात होत्या. तिच्यावरची तारीख मास्तरांच्या शेवटच्या दिवसाची होती.

त्या दिवशी मास्तरांची बस पाच चाळीसची होती. साडेतीनला त्यांनी ती ओळ लिहिली, खुर्ची वळवली आणि म्हणाले, "ही शेवटची. वर बत्तीसची मर्यादा घातलीय. पण शेवटचं शून्य बसतं की नाही, तेवढं बघा हं. आज माझं डोकं जागेवर नाही."

"बघते," बाई म्हणाल्या, आणि आपलं अक्षर टाकलं.

ओळ नीट बघायला वीस मिनिटं लागली असती. ती वीस मिनिटं बाईंनी चहाकडे वळवली, म्हणजे त्या दिवशीचा चहा चारऐवजी वीस मिनिटं आधी सुरू होईल आणि तेवढा लांबेल. तो लांबला. पूर्ण वेळ दोघं बसच्या वेळापत्रकाबद्दल बोलले. ओळ उद्या वाचू, असं बाईंनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी उजवीकडची खुर्ची कोणीतरी दुसऱ्या खोलीत नेली होती, आणि ती फाईल उघडायचा धीर त्यांना त्या दिवशी झाला नाही, त्या आठवड्यात झाला नाही, आणि मग खूण होतीच की. चाळणीसुद्धा तिथे थांबत नव्हती.

आता त्यांनी ती उघडली.

सी भाषेत शब्द कुठे संपला हे यंत्राला आपोआप कळत नाही. शेवटच्या अक्षरानंतर एक शून्य ठेवावं लागतं. ते दिसलं की यंत्र थांबतं. नाही दिसलं की शेजारच्या खणात शिरून वाचतच राहतं. मास्तरांनी रुग्णाच्या नावाला बत्तीस घरांचा खण दिला होता आणि बत्तीसच अक्षरं घ्यायची मर्यादा घातली होती. नाव एकतीस अक्षरांचं असलं तर सगळं ठीक. बरोबर बत्तीसचं असलं, तर बत्तीसही घरं भरतात आणि शून्याला जागाच उरत नाही.

बाईंना हे कळायला वीस मिनिटं लागली नाहीत. चार लागली.

नावाला लागून वॉर्डाची टीप होती, आणि तीही बाहेरूनच येई. नाव आणि टीप जोडून एक लांबच्या लांब मजकूर तयार झाला असता, तो पुढच्या ओळीनं उचलून एका लहान खणात ओतला असता, आणि त्या खणाच्या पलीकडे थेंबांचा वेग ठेवलेला होता.

बाईंनी मिस्त्रीला हाक मारली. दोघं चाचणीच्या खोलीत गेले. तिथल्या टेबलावर एक पंप, पाण्याची पिशवी, नळी, खाली काचेचं भांडं. मिस्त्रीनं मिनिटाला चाळीस थेंबांचा वेग लावला. थेंब पडू लागले, एकामागून एक, शिस्तीत.

"काय नाव घालू?"

"बत्तीस अक्षरांचं. मोजून. आणि टीप मी सांगते ती."

"तुमचंच घालू का? वहिनींचं जोडून होईल बत्तीस."

"मिस्त्री, घाल."

त्यानं नाव पाठवलं. पंपाच्या काचेवर वेग चाळीसच दिसत राहिला. पण नळीच्या टोकाला थेंब राहिले नाहीत. धार लागली. भांड्यात पाण्याचा आवाज येऊ लागला, आणि काच तशीच चाळीस म्हणत होती.

मिस्त्रीनं नळीचा चिमटा दाबला. मग भांडं उचलून किती पाणी साठलं ते बघितलं.

"हे कोणी मुद्दाम करू शकेल?" त्यानं विचारलं.

"वॉर्डाच्या संगणकांच्या जाळ्यात शिरता आलं तर कोणीही."

"कुठे झालंय का असं?"

"तक्रार एकही नाही. मी नोंदी बघितल्या." मग त्या म्हणाल्या, "आता बघितल्या."

बाईंना फोन मिळाला होता.

साहेब चांगले गृहस्थ होते, म्हणजे त्रास आपल्यापर्यंत यायच्या आधी दुसऱ्याचाही वाचावा असं त्यांना वाटे. त्यांनी अहवालाचा मसुदा वाचला, कलम वाचलं आणि तोडगा काढला.

"नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. 'लेखक संपर्कात नाही' असं लिहून टाका."

"आहेत संपर्कात."

"तुमच्या?"

"नंबर आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. "बरं. करा मग. आणि बाई, खुणेवर बघणाऱ्याचं अक्षर तुमचं दिसतंय."

"हो."

"आधी त्यांचं म्हणणं घ्या. तुमचं आपण नंतर बघू."

फोन बाईंनी सुट्या भागांच्या खोलीतून केला. चारी बाजूंना खोक्यांची मांडणी, एक स्टूल, आणि दार आतून लावता येई. नऊ वर्षं त्यांनी पहिल्या वाक्याची तयारी केली होती. ऐन वेळी त्या म्हणाल्या, "मी बोलतेय."

"बोला बाई," पलीकडून आवाज आला, लगेच, जणू परवाच बोलणं झालं होतं. "एक मिनिट हं. हात ओले आहेत. डबे घासतोय."

"नंतर करू का?"

"नको, नको. नळ बंद करतो." नळ बंद झाला. "हं. बोला."

"कामाचं आहे."

"असणारच. तुम्ही बिनकामाचा फोन कराल अशी आशा मी सोडून दिलीय."

बाईंनी ओळीचा क्रमांक सांगितला. पुढचं वाचायला त्यांनी कागद उचलला, तर मास्तरच म्हणाले, "बत्तीसवाली."

"हो."

"शून्य बसत नाही."

"नाही."

मागे कुठेतरी दोन मुलांचं पट्टीवरून भांडण चाललं होतं. आजोबांना पंच म्हणून बोलावणं आलं. मास्तरांनी फोनवर हात ठेवून काहीतरी निकाल दिला आणि परत आले.

"तुमच्या लक्षात कशी राहिली?" बाईंनी विचारलं.

"ती एकच तर होती. बाकीच्या चाळीस मला झोपेत विचारा. हिच्याबद्दल मनात होतं. इथे आल्यावर आठ दिवस तुमच्या फोनची वाट बघितली. म्हटलं, चूक असेल तर बाई सोडायच्या नाहीत. फोन आला नाही. म्हटलं, बसलं शून्य. निवांत झालो."

बाईंनी समोरच्या खोक्यावरचा आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"मी नव्हतं बघितलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ओळ बघितली नव्हती. अक्षर टाकलं."

"तुम्ही?" मास्तरांच्या आवाजात राग नव्हता. सव्वीस हजार ओळी एकदम चुकीच्या निघाल्यासारखं नवल होतं.

"त्या दिवशी ती ओळ सोडून बाकी सगळं बघितलं," बाई म्हणाल्या.

पलीकडे नळ पुन्हा सुरू झाला आणि लगेच बंद झाला.

"चहा घेतला होता आपण," मास्तर म्हणाले.

"हो."

"आणि बसबद्दल बोललो."

"पाच चाळीसची."

"ती सहाला सुटली."

"मला माहीत असतं तर..."

"तर काय? आणखी वीस मिनिटं बसबद्दलच बोललो असतो. आपल्या दोघांचा काही भरवसा नव्हता." ते हसले. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना कळलं की आपण स्टुलाची कड घट्ट धरून ठेवलीय.

मग मास्तर मास्तर झाले. "हे बघा. म्हणणं लिहून घ्या. ओळ मी लिहिली, चूक माझी. तुमचं नाव यात आणायचं कारण नाही. लिहिणाऱ्याची चूक ती लिहिणाऱ्याची. लिहिलंत?"

"लिहितेय."

"लिहीत नाही आहात. तुमच्या पेनाचा आवाज मला माहीत आहे." जरा थांबून ते म्हणाले, "नऊ वर्षांत एकदा तरी करायचात."

"कारण नव्हतं."

"मीही तसाच बसलो होतो. दोघंही नियमावलीतून बाहेर यायला तयार नाहीत." पुन्हा मुलांचा आवाज आला. "असं करा. रविवारी करा. अकराला. मंडळी पोहायला जातात, घरात मी एकटा असतो. कारण नको. कारण असलं तर मुळीच करू नका."

"बघते," बाई म्हणाल्या. मग त्यांना स्वतःचाच शब्द लागला. "करते. नक्की करते."

अकरा मिनिटांचं बोलणं झालं होतं. बाईंनी दार लगेच उघडलं नाही.

साहेबांनी शुक्रवारी सकाळी दोन कागद पुढे ठेवले. त्यांनी रात्रभर विचार केलेला दिसत होता, आणि तो बाईंच्या भल्याचाच होता.

"त्यांचं म्हणणं आलं. चूक माझी म्हणतात. उत्तम. आता तुमचं. 'बघितलं होतं, पण बघताना सुटलं' असं लिहा. माणसाकडून सुटतं. विषय दुरुस्तीवर संपेल."

"आणि न बघता अक्षर टाकलं, असं लिहिलं तर?"

"असं कोण लिहितं? मग चौकशी बसते. खुणेवरची दोन्ही माणसं चौकशीत येतात, आणि ती संपेपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. फोन नाही, निरोप नाही. साक्षी जुळवल्या असं कोणी म्हणू नये म्हणून. ते आता नोकरीत नाहीत, पण रुग्णालयाचे लोक नियमावर बोट ठेवतील."

"किती दिवस चालते?"

"मागची एक अजून चालू आहे."

बाईंनी पेन घेतलं. सोपा कागद कोणता हे कळायला तपासनीस असायची गरज नव्हती. "बघताना सुटलं" या दोन शब्दांत त्यांचा रविवार सुखरूप होता, आणि त्याच्या मागचे सगळे रविवार. मास्तरांनी स्वतःच परवानगी दिली होती. फक्त त्या कागदानुसार मास्तर उरत होते तो चुकीची ओळ लिहून निश्चिंत मनानं निघून गेलेला माणूस. त्यांना शंका आली होती, त्यांनी ती बोलून दाखवली होती, बघा म्हणाले होते, याचा त्यात मागमूस नव्हता. ते लिहिलं जाऊ शकत होतं ते एकाच ठिकाणी, बाईंच्या कागदावर. त्या दिवशी तिथे दोनच माणसं होती, आणि दुसऱ्यानं तर सगळं स्वतःच्या नावावर घेऊन टाकलं होतं.

बाईंनी लिहिलं: "लेखकानं शेवटच्या शून्याबद्दल शंका सांगून ही ओळ नीट बघायला सांगितली होती. मी न बघता अक्षर टाकलं." खाली तारीख घातली.

साहेबांनी कागद वाचला. "बाई, हे तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

"नाही विचारलं."

"तुम्ही बोलू नाही शकणार त्यांच्याशी. सांगितलं ना मी?"

"सांगितलंत."

"त्यांना पत्र जाईल. मंगळवार, बुधवारपर्यंत मिळेल."

म्हणजे रविवारी त्यांना काही माहीत नसणार, हे बाईंनी तिथल्या तिथे मोजलं. मोजून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

रविवारी अकरा वाजता फोन शिवणयंत्राच्या पाटावर होता, कारण खिडकीशी ठेवला तर हात जातो. वहिनी काज करत होत्या. अकराचे सव्वाअकरा झाले. अकरा वीसला तो वाजला. फोटोतला माणूस नव्या चष्म्यातून दोघींकडे बघत होता.

"उचला ना," वहिनी म्हणाल्या.

"नाही उचलता येत."

"नाही येत म्हणजे? इथे कोण बघतंय?"

"तेव्हाही कोणी बघत नव्हतं, वहिनी."

फोन वाजून थांबला. पाच मिनिटांनी पुन्हा वाजला, या खेपेला थोडाच वेळ. वहिनींच्या जिभेवर काय आलं होतं कोण जाणे. त्यांनी ते गिळलं आणि काज चुकवलं. तीस वर्षांत त्यांचं काज चुकलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं. दुपारी दोघी जेवल्या, भांडी घासली, आणि बाई खिडकीशी बसून राहिल्या. मास्तर आता काय समजत असतील याचा अंदाज घेत. बिनकारणाचा फोन मागितला म्हणून बाई बिथरल्या, असं? की त्या कधी करणारच नव्हत्या, असं? मंगळवारी पत्र मिळेल तेव्हा त्यात चौकशीचं कलम असेल, दोन अक्षरं असतील. मजकूर समजावून सांगणारं वाक्य शेजारी लिहायची सोय असल्या पत्रात नसते.

त्या आठवड्यात सहा रुग्णालयांतले सहाशे वीस पंप कारखान्यात परत आणले. मिस्त्री ते उघडून नवा प्रोग्रॅम भरत होता. यादी जुळवायला बाईंना एका वॉर्डात जावं लागलं. पलंगांशेजारच्या पंपांच्या जागा रिकाम्या होत्या, पिशव्या नुसत्याच दांड्यांना टांगलेल्या. एक नर्स मनगट डोळ्यांसमोर धरून उभी होती, पंधरा सेकंदांत नळीतले किती थेंब पडतात ते मोजत. तिचे ओठ हलत होते.

"दहा," ती म्हणाली, पलंगाच्या कागदावर आकडा लिहिला, नळीचं चाक किंचित फिरवलं आणि पुन्हा मनगट वर केलं. बाई थांबून राहिल्या. दुसऱ्यांदाही दहाच भरले.

"पंपवाल्या का तुम्ही? कधी देताय परत?"

"गुरुवारी."

"नक्की ना? डोळे गेले बघा माझे. अकरा पलंग आहेत. शेवटच्यापर्यंत जाते तोवर पहिल्याची वेळ होते."

"नक्की," बाई म्हणाल्या. आणखी काही सांगावं असं त्यांना वाटलं. पण नर्स पुढच्या पलंगाकडे गेली होती, आणि मोजणाऱ्या माणसाशी बोलू नये एवढं बाईंना कळत होतं.

तर या सगळ्याची किंमत कोणी भरली, ते असं. मास्तरांनी भरली त्यांची एक्केचाळीस वाक्यं. नव्या लोकांनी ओळी नव्यानं बघितल्या तेव्हा जुन्या खुणांबरोबर तीही पुसली. बाईंची अक्षरं गेली आणि अक्षर टाकायचा अधिकारही, चौकशी संपेपर्यंत. ती अजून चालू आहे. त्यांचे रविवार त्या कागदावर कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून ते कोणी मोजले नाहीत. मिस्त्रीचे चार दिवस गेले आणि उजव्या हाताचा अंगठा दुखावला. साहेबांचं काही गेलं नाही. बाकीचं सगळं भरलं सहा रुग्णालयांतल्या नर्सेसनी: चार दिवस, तासातासाला, दर पलंगापाशी घड्याळाकडे बघत उभं राहून. हे कशासाठी चाललंय, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मोजणी चुकली असती.